अक्का, तो बुटका जिंकला

सँडीफोर्ड, डब्लिन
बुधवार, १७ फेब्रुवारी २०२१

तीर्थरूप अक्का,

तुझ्या पायांवर डोकं ठेवतो. इतक्या लांबून ठेवतोय की तुला पाय मागं ओढून घेता येणार नाहीत.

मी बरा आहे. गुडघा थंडीत कुरकुरतो, पण स्वरूपानं गरम पाण्याची पिशवी आणून दिलीय. तुझं मोतीबिंदूचं नीट पार पडलं, हे विलासकडून कळलं. हे पत्र फोटो काढून त्याच्याच मोबाइलवर पाठवतोय. विलास, बाळा, मामाचं ऐक: अक्षर मोठं करून आईच्या हातात दे, वाचून दाखवू नकोस. अक्का, हे तू स्वतःच वाच. चहा घेऊन बैस.

गेल्या फेब्रुवारीत तीन महिन्यांसाठी म्हणून लेकीकडं आलो आणि विमानं बंद पडली, ते वर्ष झालं. खाऊन-बसून कंबर दोन बोटं वाढली. माझ्याच हातानं माझ्या पँटी उसवून सैल केल्या. कराडचं दुकान बंद, पण इथं आख्ख्या बिल्डिंगला मास्क शिवून दिले. खालच्या मजल्यावरची मॉरीनबाई मला पाहिलं की "ग्रँड, ग्रँड" म्हणते. इथं पाऊस पडला तरी ग्रँड, पाय मोडला तरी ग्रँड.

बरं. आता तुला गेल्याच्या गेल्या दिवाळीतला एक फोटो आठवायला सांगतो. नागपूरचा रोहित, इथं औषधाच्या कारखान्यात इंजिनियर. स्वरूपानं स्वतः पसंत केलेला. तू फोटो पाहून फोनवर म्हणालीस, "गुरू, पोरगी पाच फूट आठ, हा पाच-पाच. शेजारी उभा राहिला तर धाकटा भाऊ वाटेल. नको." आईवडलांच्या माघारी तू मला वाढवलंस, स्वरूपाची आई गेल्यावर तिलाही. तुझं 'नको' म्हणजे गाठ मारून दोरा तोडला. मी ते स्वरूपाला कळवलं, ती "बरं बाबा" म्हणाली, आणि विषय मिटला, असं मी समजलो.

हो, त्याच पोराचं सांगायचंय. पण आधी खेळाचं सांगतो, नाहीतर तुला पुढचं कळायचं नाही.

स्वरूपाला अमेरिकेच्या फुटबॉलचं वेड आहे. नाव फुटबॉल, पण खेळायचं हातानं. दोन बाजूंना रेड्यांसारखे गडी एकमेकांना भिडतात आणि त्यांच्या मागं उभा राहून एकजण लांबच्या आपल्या गड्याकडं चेंडू फेकतो. तो क्वार्टरबॅक. सगळा डाव त्याच्या हातात. तो सव्वासहा फुटी असावा लागतो म्हणे, म्हणजे भिंतीसारख्या गड्यांच्या वरून त्याला दिसतं. यंदा स्वरूपाच्या टीममध्ये मायलो टकर नावाचा नवा पोरगा आला. पाच फूट नऊ. आपल्या कराडात त्याला उंचच म्हणतील, पण तिथं तो बुटका. तो टिकेल का नाही, यावर दर रविवारी संध्याकाळी आमच्या हॉलमध्ये भांडणं. स्वरूपाच्या ऑफिसातला सतीश आणि त्याची बायको वृंदा लॅपटॉपमधून भांडायचे, कारण येण्याजाण्याला बंदी.

ऑक्टोबरात सरकारनं सगळं पुन्हा बंद केलं. फक्त एवढी मुभा दिली, की एकट्या राहणाऱ्या माणसानं कुठल्या तरी एका घराशी स्वतःला जोडून घ्यावं. त्याला इथं बबल म्हणतात. स्वरूपा भाजी चिरता चिरता म्हणाली, "बाबा, रोहित तिकडं स्वोर्ड्सला एकटाच आहे. त्याला आपल्याशी जोडून घेऊ?" मान वर केली नाही तिनं. साथीच्या दिवसांत एकट्या पोराला ताट वाढायला नाही कसं म्हणू? मी हो म्हणालो. तुला मात्र सांगितलं नाही.

पोरगा पहिल्या रविवारी आला तो दारातच चपला सरळ लावून आत शिरला. माझ्या शिलाई मशिनला तेल घातलं. वांग्याचं भरीत असं झणझणीत केलं की मॉरीनबाई वास घेत वर आली. पण सोफ्यावर बसायचा तो अंग चोरून, पाठीला पोक काढून. मापं घेण्यात जन्म गेला माझा. असं बसणाऱ्याला कोट कधी नीट बसत नाही.

आठ नोव्हेंबरचा रविवार. टीमचा मोठा क्वार्टरबॅक जखमी झाला आणि टकरला मैदानात धाडलं. लॅपटॉपमधून सतीश ओरडला, "झालं! समोर साडेसहा फुटी भिंत. ह्याला पलीकडचं दिसणार कसं?"

वृंदा म्हणाली, "तू सहा फुटाचा आहेस ना? तुला पार्किंगमध्ये आपली गाडी दिसत नाही."

स्वरूपा म्हणाली, "युअर मॅनचा हात बघा, उंची काय बघता!" सारखं युअर मॅन, युअर मॅन. इकडं कुणा परक्यालाही असंच 'तुझा माणूस' म्हणतात, पण मला आपलं बापाच्या कानानं ऐकू यायचं.

मग रोहित हळूच म्हणाला, "सतीश बरोबर बोलतोय. आज टाळ्या पडतील, पण टिकणार नाही तो. उंची काही वाढत नाही ना."

स्वरूपा त्याच्याकडं बघतच राहिली. "तू पण?" म्हणाली.

मध्यांतरात तो चहा करायला आत गेला, मीही गेलो. म्हटलं, "काय रे, सगळे त्याच्याविरुद्ध बोलतात ते समजतं. तू का बोलतोस?"

आलं किसता किसता म्हणाला, "काका, मी काय म्हणून राहिलो, अक्कांचा मला राग नाही. त्या खरंच बोलल्या. लोक हसतील. मला नाही, स्वरूपाला हसतील. मी तिला सांगून टाकतो, की माझी वाट नको बघू."

एका फोटोवरून दिलेला निकाल त्या पोरानं वर्षभर खाली मान घालून घरी नेऊन सांभाळला होता. आणि लेक माझी "बरं बाबा" म्हणून वाट बघत बसली होती. मी चहाचे कप उचलले.

शेवटचं एक मिनिट. टकरची टीम पाच गुणांनी मागं. त्यानं एकदा फेकला, समोरच्या ताडमाडानं हात वर करून चेंडू खाली पाडला. पुन्हा फेकला, पुन्हा तेच. सतीश म्हणाला, "बघा, मी काय सांगत होतो?" तिसऱ्यांदा पोरानं फेकलाच नाही. भिंत सोडून बाजूला पळाला. मागं दोन रेडे लागलेले. पळता पळता थांबला, आणि दोघा धिप्पाडांच्या मधनं, बगलेखालून म्हण, असा चेंडू सोडला की तो थेट शेवटच्या रेषेपलीकडं आपल्या गड्याच्या छातीवर! जिंकले, अक्का, जिंकले!

आणि आमचा अंग चोरणारा रोहित सोफ्यावर उभा! पायमोज्यांसकट! "त्याला वरून बघायचंच नाहीये! फटीतून दिसतंय त्याला! दिसतंय!" असा ओरडत होता, आणि डोळ्यांतून घळाघळा पाणी. स्वरूपा टीव्हीकडं बघतच नव्हती.

मला काय झालं कुणास ठाऊक. मी म्हणालो, "रोहित, खाली उतर. स्वरूपाचा हात मागायचाय का तुला?"

"काका, पण अक्का..."

"अक्काशी मी बोलीन. तू तुझं बोल."

तो उतरला. पोक न काढता उभा राहिला. "मागायचाय," म्हणाला. स्वरूपा म्हणाली, "मला कुणी विचारणार आहे का?" आणि रडायला लागली. तेवढ्यात लॅपटॉपमधून वृंदाची अशी किंकाळी आली की मी दचकलो. ती दोघं तिथंच होती, सगळं ऐकत!

अक्काशी बोलीन म्हणालो, आणि बोललो नाही. दर शनिवारी तुला फोन केला, भाजी काय केलीस विचारलं, आणि ठेवला. तुझा आवाज ऐकला की मी दहा वर्षांचा होतो. इथं लग्नाची नोंद तीन महिने आधी करावी लागते. त्याच आठवड्यात ती झाली. माझ्या हातात तीन महिने होते आणि मी ते घालवले.

काल वसंत पंचमी होती. काल लग्न झालं, अक्का.

सहाच पाहुण्यांना परवानगी. सकाळी सरकारी कचेरीत सह्या झाल्या. मग बिल्डिंगमागच्या हिरवळीवर आपलं लग्न. गुरुजी कराडहून लॅपटॉपवर, रोहितचे आईवडील नागपूरहून. वडील नरेंद्रराव कॅमेरा इतका जवळ धरून बसलेले की आम्हाला त्यांचं नाकच दिसत होतं. अंतरपाट मी शिवलेला. एका टोकाला सहा फुटी सतीश, दुसऱ्या टोकाला मॉरीनबाई, ती माझ्या खांद्याइतकी. त्यामुळं पाट तिरका, वर वारा सुटलेला. गुरुजी ओरडतात, "उंच धरा, उंच धरा!" बाई म्हणते, "ग्रँड!"

आणि एक सांगतो, हे नीट वाच. स्वरूपानं उंच टाचांचे बूट घातले होते. वर्षभर ती त्याच्याबरोबर सपाट चपला घालून फिरायची, हे मला काल कळलं. ते बूट त्यानंच आणून दिले होते. "आता लपवायचं काय?" म्हणाला. पाट सरला तेव्हा त्याला मान वर करून तिच्याकडं बघावं लागलं, आणि तो असा ताठ उभा होता की माझ्या हातच्या शेरवानीला एक सुरकुती नव्हती. हसलं कुणी नाही. मीच काय तो रडलो.

खेळाचं म्हणशील तर टकरनं पुढचे सामने काही जिंकले, काही घालवले, पण जागा त्याची राहिली. सतीश अजून म्हणतो, पुढच्या वर्षी बघा.

फोटो मुद्दाम पाठवत नाही. रविवारी दोघं व्हिडिओवर तुझ्या पाया पडायला येतील. त्याला बोलताना बघ, हसताना बघ, मग काय ते बोल. चिडायचंच असेल तर मला फोन कर, मी गप्प ऐकून घेईन. पण त्यांच्यावर अक्षता टाक, अक्का. तेवढ्याच राहिल्यात.

तुला न विचारता जन्मात पहिल्यांदाच काही केलेला, आणि ते केल्याचा जराही पस्तावा नसलेला,
तुझा धाकटा
गुरू