अठरा व्होल्ट

माय, तू गेलीस तेव्हा माझ्याकडे बास गिटार नव्हती, म्हणून आधी ती काय चीज आहे ते सांगते. चार जाड तारांची गिटार. तारांखाली लोहचुंबक, आणि त्याच्याभोवती गुंडाळलेली तांब्याची तार. म्हणजे तुझंच मोटरींच्या वायंडिंगचं काम, फक्त केसाहून बारीक तारेचं. तू पाहिली असतीस तर वाजवून दाखव म्हणायच्या आधी वेढे किती ते विचारलं असतंस. आवाज उठवायला आत एक छोटं सर्किट असतं, आणि त्याला नऊ व्होल्टची चौकोनी बॅटरी लागते. सगळं रामायण त्या बॅटरीवरून झालं.

मागच्या महिन्यात मंठ्याला एका लग्नात आमच्या ऑर्केस्ट्राचा कार्यक्रम होता. जरा जोरात तार ओढली की माझा आवाज फाटायचा. मास्तरांनी, म्हणजे कीबोर्ड वाजवणाऱ्या आमच्या मालकांनी, भर स्टेजवर दोनदा वळून पाहिलं. परतताना टेम्पोत म्हणाले, "ताई, बुरा मानू नका. पुढच्या टायमाला असं झालं त मंग बास मी डाव्या हातानं कीबोर्डवरच वाजवीन." माणूस ओरडत नाही, हीच पंचाईत. ओरडला असता तर मीही ओरडले असते. दिवसभर बियाण्याच्या कंपनीत पाकिटं तपासायची आणि संध्याकाळी स्टेजवर उभं राहायचं. त्यातली संध्याकाळच काय ती माझी, आणि तीही हा माणूस डाव्या हाताने काढून घ्यायला निघाला होता. कोणीतरी सांगितलं, एकीला एक जोडून दोन बॅटऱ्या घाल, अठरा व्होल्ट दे, आवाज मोकळा होतो, फाटत नाही. झालं, तेच डोक्यात बसलं.

काल अंबडला हळदीचा कार्यक्रम होता. दुपारी स्वयंपाकाच्या ओट्यावर गिटार पालथी घातली, मागचं झाकण काढलं आणि दोन्ही नव्या बॅटऱ्या एकीमागे एक सोल्डरचा डाग देऊन जोडल्या. टेम्पोवाल्याचा फोन वाजला. "निघाले का न्हाई? आम्ही कोपऱ्यावर थांबून राह्यलो!" पाठोपाठ टेम्पोचा हॉर्न. या गिटारीला वेगळं बटण नसतं. केबल खोचली की करंट सुरू. केबल हातात होती, टोक भोकाशी होतं, आणि हात तिथेच थांबला.

अंबडचं आपलं दुकान. पंपाच्या मोटरी रांगेने पडल्यात, व्हार्निशच्या वासाने डोकं धरलंय, आणि तू पदर खोचून बसलीयस. तुझा एकच कायदा. जोडणी ज्याने केली त्याने ती दुसऱ्याला तोंडाने सांगायची, आणि ऐकणारा 'दे' म्हणेपर्यंत मेन स्विचला हात लावायचा नाही. मला काही कळत नव्हतं त्या वयातही तू तुझी जोडणी मला सांगायचीस आणि माझ्या 'दे'ची वाट बघायचीस. त्या दिवशी गिऱ्हाईक डोक्यावर उभं होतं. जोडणी माझी होती, हात स्विचवर गेला, आणि तू बांबूची पट्टी मनगटावर ओढलीस.

"बोल आधी!"

"बराबर जोडलंय, माय."

"बराबर हाय त मंग बोलायला काय जातं? गिऱ्हाईक थांबंल. जळणारी मोटर थांबत न्हाई."

परक्या माणसासमोर मार खाल्ल्याचा असा राग आला होता मला. रडत रडत बोलायला लागले आणि मध्येच कळलं की दोन टोकांची अदलाबदल झालीय. तू चहा सांगितलास.

काल ओट्यापाशी मी मोठ्याने बोलले. "पहिलीचा प्लस दुसरीच्या मायनसला. उरलेल्या दोन तारा सर्किटला. मिळून अठरा. चिपला अठरा चालतात, पाहिलंय. तिच्या आधी कपॅसिटर, त्याला चालतात..." किती चालतात ते मी वाचलंच नव्हतं. टॉर्च मारला. त्याच्यावर सोळा व्होल्ट लिहिलेलं होतं. एक-दोन गाणी निघालीही असती, आणि मग भर हळदीत तो फुटला असता.

हॉर्न चालूच. मी तारा कापल्या. प्लसला प्लस, मायनसला मायनस, दोन्ही बॅटऱ्या शेजारी शेजारी. व्होल्ट नऊच, पण दुप्पट टिकणारे. हे करताना मंठ्याचंही कोडं सुटलं. घरी सराव झाला की मी केबल तशीच खोचून ठेवायचे, बॅटरी आतल्या आत संपत आली होती. तिच्यात जोर नव्हता आणि मी गिटारीला अठराचा डोस द्यायला निघाले होते.

अंबडला पहिल्या गाण्यापासून कान मास्तरांकडे आणि बोटं हलकी. घाम फुटला होता. पण आवाज फाटला नाही, आणि मास्तर शेवटपर्यंत एकदाही वळले नाहीत. आमच्याकडे शाबासकी ती हीच. उतरताना फक्त म्हणाले, "मंगळवारी प्रॅक्टिस हाय. जल्दी या."

हे कुठे पाठवायचं नाही, म्हणून एक गोष्ट लिहून टाकते. दुसऱ्यांदा जोडणी बोलून झाल्यावर मी केबल धरून उभीच राहिले. घरात ऐकणारं कोणी नव्हतं. शेवटी तुझ्यासारखा घसा बसवून मीच म्हटलं, "दे." आवाज अगदी तुझा निघाला, माय. बाहेर हॉर्न वाजत होता, आणि मी ओट्याखाली फरशीवर बसून राहिले.