खंडेनवमीला चालवलेली गाडी

प्रिय दादा,

काल तुझं तेरावं झालं. पानं वाढलेली, आणि बाबा पाहुण्यांना सांगत होते, "पोरगा हुशार, पण निष्काळजी. स्वतःच्या हाताने दोन बोटं घालवली." मी हातातलं ताट भिंतीवर आपटलं. लोकांना वाटलं, दुःखाने! दुःख कसलं, लाज वाटली मला. म्हणून लिहितोय.

भंगारातल्या स्कूटरचं इंजिन, मोटरसायकलची चेन. ठाकुर्लीच्या चाळीमागे दोन वर्षं खपून तू गो-कार्ट बनवलेलीस. दर रविवारी चेन काढून रॉकेलमध्ये धुवायचास, ऑइल द्यायचास, बोटाने दाबून ढिली झालीय का बघायचास. मला हात लावू द्यायचा नाहीस. मी बारावी नापास झालेलो, बाबांनी दम भरलेला, "गाडीजवळ दिसलास तर घराबाहेर!" तू कशाला त्यांची री ओढायचास रे? डोकं फिरायचं माझं.

खंडेनवमीला तेवढी गाडीची पूजा माझ्याकडे दिलीस. चेनच्या चाकाच्या दात्यांनाही हळद-कुंकू लागावं म्हणून मी चेनवरचं कव्हर काढलं, झेंडूची माळ घातली. कव्हर परत लावायला गेलो तर नट आवळायचे पाने पूजेच्या पाटावर मांडलेले. आई ओरडली, "पूजेतली हत्यारं आज उचलायची नाहीत!" कव्हर राहिलं तसंच.

संध्याकाळी वर्तकनगरचे मित्र आले आणि मला चेव चढला, बसलो आणि गाडी चालू केली. गाडी चार हात गेली नाही तोच माळ चेनमध्ये गुंडाळली. तू धावत आलास, सगळ्यांदेखत माझ्या कानाखाली आवाज काढलास. "अक्कल गहाण टाकलीस का? इंजिन बंद कर!" मी बंद करणारच असं धरून तू माळ सोडवायला चेनमध्ये हात घातलास.

दादा, तुझा हात मला दिसत होता. मी रेस दिली.

केवढ्याने ओरडलास! रक्त माझ्या तोंडावर उडालं. बाबा आले, तर तू म्हणालास, "माझाच पाय रेसला लागला." त्यांनी तशा अवस्थेत तुला चपलेने झोडपलं, मग घण आणून गाडी ठेचली. मी भिंतीला टेकून उभा होतो.

दवाखान्यात नेताना रिक्षात मी तोंड उघडलं तर म्हणालास, "गप. बोललास तर दुसऱ्या हाताने थोबाड फोडीन." लेथवरची तुझी नोकरी गेली. काविळीने झोपवेपर्यंत किराणा दुकानात पुड्या बांधल्यास.

एकदा तरी शिवी द्यायचीस ना रे! आठ वर्षं माझ्याशी नीट वागलास, त्याचाच संताप यायचा मला.

बाबा ओट्यावर बसलेत. हे संपवलं की जाऊन सांगतो, शब्द देतो तुला. पाय माझा होता, आणि मी बघून दाबला. मारतील. मारू देत. या वेळी मध्ये पडायला तू नाहीस.

तुझा,
विजू