मधल्या सुट्टीचा कुर्ता

वेंगुर्ले,
९ सप्टेंबर २०२५

तीर्थस्वरूप लीलामावशीस,
गौरजाचा शि. सा. न. वि. वि.

गणपती गेले, पाहुणे गेले, आता दिवसभर खोलीत मी, निहार आणि वाळत घातलेली दुपटी एवढंच उरलं आहे. फोनवर तुला ऐकू येत नाही आणि अंगठ्याने टाइप करताना म्हणे तुझे विचार आखडतात, म्हणून हे कागदावर. तुझ्या शेजारच्या अरशदचा टेम्पो इकडे माल टाकायला येतो, त्याच्याकडे पिशवी देते आहे. आत निळ्या फुलांचं सुती कापड आहे आणि मापाचा ब्लाउज.

काम असं आहे. तीन नोव्हेंबरला माझी रजा संपते. निहार बाटली तोंडाला लावू देत नाही आणि वाटीचमच्यातलं दूध माझ्या अंगावर थुंकतो. सासूबाई मधल्या सुट्टीत त्याला शाळेत आणायला तयार आहेत, तेव्हा मी पाजायचं असं ठरलं. काल आम्ही घरी त्याची तालीम केली. मी साडी नेसले, ओंकारने ताटावर पळी मारून सुट्टीची घंटा दिली, सासूबाई बाळाला घेऊन दारातून आल्या. खांद्यावरची पिन निघेना. ती निघाली तोवर निहार रडून लाल, पान्हा फुटून ब्लाउज भिजलेला, आणि परकराची नाडी नेमकी सिझेरियनच्या टाक्यांवर काचत होती. सुट्टी संपल्याची पळी वाजली तेव्हा साडी जमिनीवर होती. ओंकार हसला, नवराच तो, आणि मी रडले.

ते बघून सासूबाई म्हणतात, नोकरी खंय पळता? वर्सभर घरात रव. पण शाळा खासगी आहे. मी घरी बसले तर गणिताला दुसरी बाई येईल आणि मग माझी जागा कुठली? मावशी, मला नोकरी सोडायची नाही आणि निहारचं अंगावरचं एवढ्यात तोडायचंही नाही. दिवसभर गाऊन घालून मी स्वतःला ओळखेनाशी झाले आहे. मला पाजता येईल आणि तरी बाई वाटेन असं काहीतरी शिव ना. आई असती तर तिला सांगितलं असतं.

माझ्या रडगाण्याला कंटाळू नकोस, माया आहे तशीच राहू दे.

तुझी
गौरजा


बांदा,
१८ सप्टेंबर २०२५

चि. सौ. गौरजास,
लीलामावशीचे अ. उ. आ.

पिशवी पोचली. पत्र दोनदा वाचलं, ताट-पळीच्या तालमीचं तीनदा. वाचनालयातून निवृत्त झाल्यापासून इतका चांगला प्रश्न माझ्याकडे कोणी आणला नव्हता. लोक येऊन फॉल लावून मागतात, त्यात डोकं काय लावायचं?

मी चौकशीला सुरुवात केली आहे. परवा आठवड्याच्या बाजारात कडेवर मूल असलेल्या प्रत्येक बाईला विचारत फिरले. भाजीवाली म्हणाली, पदर घेतलंय काय झाला, त्येका येवढा काय? दुसरी म्हणाली, आजये, तुका ह्या वयात कित्याक होया? मी तिला म्हटलं, संशोधन. मग तिने मी घेतलेल्या भाजीच्या जुडीवर एक नारळ फुकट दिला, का ते देव जाणे. अरशदची बायको अर्शिया हिला मुलगी झाली आहे, निहारपेक्षा थोडी लहान. ती घरात मॅक्सी घालते आणि वर ओढणी घेते, पण माहेरी बसने जायचं झालं की तिचीही पंचाईत होते.

सोबत पहिला प्रयत्न पाठवते आहे. तुझ्याच कापडाचा कुर्ता, पुढे गळ्यापासून चेन. खाली सलवारीला नाडी घातली नाही, रुंद इलॅस्टिक घातलं आहे आणि ते टाक्यांच्या बरंच वर येईल असं बघितलं आहे. घालून बघ आणि मला खरं काय ते कळव. छान आहे एवढंच लिहिलंस तर मी चिडेन. कुठे ओढतं? बाळ काय करतं? ओलं दिसतं का? आणि आणखी एक, साडीच नेसायची हे तुमच्या शाळेत कोणी ठरवलं? मला उगाच उत्सुकता.

निहारचा पापा घे. मावशीवरचा जीव असाच ठेव, आणि उत्तर लांबलचक लिही.

तुझी
लीलामावशी


वेंगुर्ले,
२७ सप्टेंबर २०२५

तीर्थस्वरूप मावशीस,
शि. सा. न. वि. वि.

खरं लिही म्हणालीस म्हणून लिहिते. कुर्ता छातीत अडकला. ओंकारने मागून आणि सासूबाईंनी पुढून ओढून तो खाली आणला, आणि काढताना तिघांनाही घाम फुटला. चेन कशीबशी उघडली तर तिचं टोक निहारच्या गालाला लागलं. त्याने पिणं सोडून माझ्याकडे असं बघितलं की मीच त्याची माफी मागितली. गालावर चेनचे दात उमटले होते, आता गेले. सलवार मात्र झकास आहे. ती मी तीन दिवस काढलीच नाही, धुवायला म्हणून सासूबाईंनी हिसकावून घेतली.

रागावू नकोस, पण तुझा हात एवढा कसा चुकला? मापाचा ब्लाउज दिला होता ना? आमच्या इथल्या टेलरकडे कायम तोच देते, टेपसुद्धा लावावी लागत नाही. तुझी नजर कमी झाली आहे का? ओंकार डोळ्यांच्या डॉक्टरकडे नेतो म्हणतो.

साडीबद्दल सहकाऱ्यांना विचारलं. सगळ्या म्हणतात पद्धत आहे. कोणाची ते कोणी सांगेना. मुख्याध्यापिका परब बाईंना विचारायची माझी छाती नाही. त्या वऱ्हांड्यात आल्या की सातवीचा वर्ग आपोआप गप्प होतो, आणि मीही.

काल निहार झोपल्यावर राजीनामा मनातल्या मनात लिहून बघितला. चांगला लिहिता येतो मला, तेच वाईट वाटलं.

चुकीचं काही लिहिलं असेल तर पोटात घाल, आणि मला अंतर देऊ नकोस.

तुझी
गौरजा


बांदा,
६ ऑक्टोबर २०२५

चि. सौ. गौरजास,
अनेक आशीर्वाद.

माझे डोळे ठणठणीत आहेत, कान गेले म्हणून बाकीचंही गेलं असं समजू नका. कुर्ता त्या ब्लाउजच्या मापाचा अगदी बरोबर आहे. म्हणून मी तो ब्लाउज उजेडात धरून बघितला. बाजूची शिलाई कधी उसवलेली नाही, आत दोन्हीकडे सोडलेलं कापड कोरं आहे, आणि मागे हळदीचा डाग. गो गौरजा, हा तुझ्या लग्नातला हळदीचा ब्लाउज ना?

हे तुझ्या एकटीचं नाही. आपल्याकडच्या सगळ्या बायका असंच करतात. शिंप्याला एक ब्लाउज देऊन ठेवायचा आणि जन्मभर तेच माप चालवायचं. मग शिंपी बिचारा शिव्या खातो. पण तू चांगली गणित शिकवतेस! पाच महिन्यांपूर्वी पोटातून अख्खं मूल काढलं आणि लग्नाआधीच्या मापात शिरायला बघतेस? तुला कुठे जायचं आहे परत? मला खरंच विचारायचं आहे, टोमणा नाही. टेप घे आणि आजचं माप पाठव. आज आहेस तेवढ्याच गौरजेचं शिवीन, दुसऱ्या कुणाचं नाही.

तोवर संशोधन चालू आहे. चेन रद्द. टिचबटणं लावून एक कुर्ता अर्शियाला दिला. दिसायला उत्तम, पण उघडताना टाकटाक वाजतात आणि तिची झोपाळू मुलगी दचकून उठते. तेही रद्द. शेवटी मी स्वतः कुर्ता घातला, उशीला टोपडं बांधलं आणि आरशासमोर बसून तिला पाजायला लागले. तेवढ्यात अरशद पिशवी न्यायला आला. दारातूनच मागे फिरला आणि घरी जाऊन म्हणाला, लीलाबाईंचा काय तरी बिघडला. पण त्या उशीने मला एक गोष्ट शिकवली. ती वरून कुठूनच आत जाईना, खालून मात्र सहज गेली. आपण सगळे गळ्याकडून उघडतो. खालून का नाही?

मापं लवकर धाड. म्हातारीला विसरू नकोस, लळा आहे तो वाढव.

तुझी
लीलामावशी


वेंगुर्ले,
१४ ऑक्टोबर २०२५

तीर्थस्वरूप मावशीस,
सा. न. वि. वि.

तुझं पत्र वाचून आधी राग आला, मग रडू आलं, मग उशीचं आठवून हसू आलं. हे सगळं निहार पीत असताना झालं, त्यामुळे तो वैतागला.

हो, हळदीचाच ब्लाउज. मला वाटत होतं, तेवढी झाले की मग नीट कपडे घेईन. तोवर गाऊनमध्ये दिवस काढायचे. मला कुठे जायचं होतं परत, हे मीही स्वतःला विचारलं. त्या मापाच्या मुलीला निहार ठाऊकच नव्हता.

टेप सासूबाईंनी लावली. मी डोळे मिटून उभी राहिले. आकडा मोठ्याने सांगू नका म्हटलं तर त्यांनी खरोखर नुसता लिहून ठेवला. मग माझ्या पोटावर हात ठेवून म्हणाल्या, ह्यात माझो नातू व्हतो गो, जागा लागतलीच. त्यानंतर त्यांनी घरी बसण्याचा विषय काढलेला नाही. मापं वेगळ्या चिठ्ठीवर आहेत, ओंकारला दाखवलेली नाहीत.

रजा संपत आली आहे. साडी नसेल तर परब बाई काय म्हणतील, त्यांनी घरी पाठवलं तर? पण तुझा कुर्ता झाला तर मी तो घालूनच जाणार. एवढं ठरवलं आहे.

आता तुझ्यावरच भिस्त. माया पातळ करू नकोस.

तुझी
गौरजा


बांदा,
२९ ऑक्टोबर २०२५

चि. सौ. गौरजास,
अ. आ.

दिवाळीच्या फराळाबरोबर हे पाठवते. चकल्या मऊ पडल्या असतील तर दोष पावसाचा, यंदा जायचं नावच घेत नाही.

तीन कुर्ते आहेत, बदलायला हवेत ना. वरून बघशील तर छातीखाली एक आडवी पट्टी दिसेल, फॅशनची वाटेल. ती वरच्या भागाला शिवलेली नाही. वरचा भाग पट्टीवर नुसता पडलेला आहे, तो खालून उचलायचा. आत मऊ मलमलीचा दुसरा थर आहे, त्याला दोन्ही बाजूंना उभी फट. ना चेन, ना बटण, ना आवाज. पोटही उघडं पडत नाही. छातीशी कापड दुहेरी घेतलं आहे आणि रंग गडद छापाचे, म्हणजे पान्हा फुटला तरी वर्गात कळणार नाही. खडू आणि हातरुमालासाठी दोन खिसे. अर्शियाने बसमध्ये घालून बघितला, शेजारच्या बाईला मूल झोपलंय असंच वाटलं. आता तिने तिच्या बहिणीसाठीही मागितला आहे.

गौरजा, एवढे दिवस मी बाजारात, शेजारी, सगळ्यांना भलभलते प्रश्न विचारले. कसं उघडता, कुठे काचतं, किती भिजतं. एक प्रश्न मात्र विचारायचा राहिला. तुझी आई तुला पाजायची तेव्हा मी समोर बसून पुस्तक वाचत असायची. विचारावंसं वाटायचं आणि लग्न न झालेल्या बाईने काय विचारायचं म्हणून गप्प बसायची. आता ती नाही. मूल पितं तेव्हा कसं वाटतं गो? नको वाटलं तर उत्तर देऊ नकोस.

तीन तारखेला सकाळी देवाजवळ दिवा लावीन. मावशीचा हा आगाऊपणा सोडून दे आणि जवळीक ठेव.

तुझी
लीलामावशी


वेंगुर्ले,
५ नोव्हेंबर २०२५

तीर्थस्वरूप लीलामावशीस,
गौरजाचा शि. सा. न. वि. वि.

परवा लाल छापाचा घालून गेले. वऱ्हांड्यातच परब बाई भेटल्या आणि ऑफिसात या म्हणाल्या. आपल्याकडे साडीची पद्धत आहे हे तुम्हाला ठाऊक नाही का, असं त्यांनी विचारलं. मी सांगितलं की साडीत मला मधल्या सुट्टीत बाळाला पाजता येत नाही, त्याचं दूध मी तोडणार नाही आणि गणितही सोडणार नाही. मग तुझा प्रश्न तोंडातून निघून गेला, पद्धत कोणी घातली? त्या म्हणाल्या, माझ्याही आधीपासून आहे.

मग त्या टेबलामागून उठून आल्या आणि यातून पाजणार कुठून, असं विचारलं. गळ्याशी शोधलं, बाजूला शोधलं, सापडेना. मी वरचा भाग खालून उचलून दाखवला, माझ्या मावशीने शिवलाय म्हटलं. आतलं मलमल त्यांनी बोटांत धरलं आणि धरूनच ठेवलं. सांगत होत्या की त्यांनी मुलाचं तीन महिन्यांतच तोडलं होतं. शाळेच्या मागच्या मोरीत दूध पिळून टाकायच्या आणि तोंड धुऊन वर्गावर जायच्या. हे त्या कधी कुणाला बोलल्या नसाव्यात. ऑफिसात कायम पुस्तकी बोलणाऱ्या बाई एकदम घरच्यासारख्या म्हणाल्या, माझ्या सुनेक मार्गशीर्षात दिवस भरतत, तुझी मावशी एक शिवन दीत काय गो? शिपाई आत आला तशा पुन्हा खुर्चीत बसून म्हणाल्या, उद्यापासून ओढणी पिन करून येत जा. बस्, एवढंच. तेव्हा मावशी, त्यांच्या सुनेचं माप घेऊन मी तुला कळवते. मापाचा ब्लाउज चालणार नाही हे मी त्यांना बजावलं आहे.

मधल्या सुट्टीत सासूबाई आल्या. स्टाफरूमच्या खिडकीशी बसले, निहारला घेतलं आणि तो लगेच प्यायला लागला. आता तुझा प्रश्न. आधी टोचतं, मग आतून काहीतरी सैल होत जातं आणि जबरदस्त तहान लागते. त्याच्या घोटांचा आवाज येतो. तू विचारलंस म्हणून परवा मी पहिल्यांदा नीट लक्ष दिलं. इतके महिने एका हाताने बाळ आणि दुसऱ्या हाताने पदर, गाऊन, चेन, काही ना काही धरून बसायचे, आणि कधी एकदा आटपतं असं व्हायचं. परवा धरायला काहीच नव्हतं. माझा दुसरा हात रिकामा होता. तो मी त्याच्या डोक्यावर ठेवला, तर टाळू माझ्या तळव्याखाली उडत होती. मावशी, मला फार सुख झालं. सहा महिन्यांत हे मला कळलंच नव्हतं.

रविवारी ये. तो पीत असताना माझ्याजवळ बस, पुस्तक आणू नकोस. लोभाचं वेगळं काय मागू, तू ये.

तुझी
गौरजा