छत्तीसशे मेगाज्यूल आणि बाकीची मिळकत

मी, खाली सही करणारी, वय एकोणऐंशी, मुलींच्या शाळेतली निवृत्त भौतिकशास्त्र शिक्षिका, माझे डोके अजून जागेवर असताना, कोणाच्याही दडपणाशिवाय, माझ्या पश्चात काय कुणाचे ते लिहून ठेवते. याआधी मृत्युपत्र केलेले नाही. सवडच झाली नाही.

१. राहते घर यजमानांकडे त्यांच्या हयातीपर्यंत राहील. विकण्याचा अधिकार त्यांना नाही, कारण आकड्यांच्या बाबतीत त्यांच्यावर विसंबता येत नाही. खुलासा करणे भाग आहे.

बेचाळीस वर्षांपूर्वी माझ्या धाकट्या बहिणीची सहा वर्षांची मुलगी तापातून उठली, ती पायांतले बळ गमावूनच. डॉक्टर म्हणाले, रोज कोमट पाण्यात चालवा. गावचा पोहण्याचा तलाव थंडगार. अशी आणखी अकरा मुले होती, म्हणून तलाव तापवण्यासाठी आम्ही अर्ज केला. नगरपालिकेच्या इंजिनिअरसाहेबांनी भर सभेत सांगितले, "दिवसाला छत्तीसशे युनिट वीज लागेल. आपली जोडणी जेमतेम बाराशे पेलते. विषय संपला."

बहिणीचे डोळे भरून आले. मी साहेबांच्या हातातला कागद मागून घेतला. छत्तीसशे होते खरे, पण मेगाज्यूल.

"साहेब, एक युनिट म्हणजे तीन पूर्णांक सहा मेगाज्यूल. तुमचा भागाकार राहिलाय. हजार युनिटांत भागतंय."

साहेबांनी कागद उलटसुलट पाहिला, कानापर्यंत लाल झाले आणि माइकवर म्हणाले, "बाईंचं बरोबर आहे. चूक माझी."

चारचौघांत असे म्हणणारा पुरुष मी तोवर पाहिला नव्हता. वर्षभरात त्यांच्याशीच लग्न केले.

(यजमान मागे उभे राहून वाचत आहेत. "अगं, हे इथे कशाला?" म्हणतात. चूक रीतसर नोंदली जावी म्हणून.)

२. यजमानांनंतर घर त्या भाचीचे. पहिल्याच हिवाळ्याच्या अखेरीस तिने पाण्यात माझे बोट सोडले, पलीकडच्या काठापर्यंत एकटी चालत गेली आणि तिथून ओरडली, "मावशी, तू मागे राहिलीस!" आयुष्यात इतक्या आनंदाने मी कधी हरले नाही. आज त्याच तलावात ती दुसऱ्यांच्या मुलांना चालवते.

३. तापमापके, तराजू आणि पुस्तके शाळेच्या प्रयोगशाळेस.

४. "मुलींना सूत्र पाठ झालं की पुरे, एककांचे लाड नकोत," असे मला सुनावणाऱ्या माजी मुख्याध्यापिकाबाईंस माझा कॅलरी-ज्यूलचा तक्ता, चौकटीसह. भिंतीवर लावावा. माळ्यावर टाकल्यास तो भाचीकडे जाईल.

५. माझ्या जाण्यानिमित्त तलाव एक दिवसही बंद ठेवू नये.

ठिकाण: आमचे जेवणाचे टेबल. दिनांक: ९ फेब्रुवारी, सकाळी अकरा.

सही: मृत्युपत्र करणारी

साक्षीदार १: शेजारचे शिंपीकाका. आमच्यादेखत सही केली.

साक्षीदार २: डॉक्टर. बाई पूर्ण शुद्धीत आहेत. रक्तदाब १३०/८०. (बाईंच्या सांगण्यावरून दुरुस्ती: मिलिमीटर पारा.)