बाबांनी निवडलेली कोळंबी

४ ऑगस्ट
कोळंबी सोला, वाटा, गाळा, यंत्रात घाला. प्रयोगशाळेत दिवसभर माझ्याशी बोललं ते यंत्रच. खोलीवर आले तर घरमालकीणबाई – "जेवलीस का गं?" हो म्हटलं. जेवले नव्हते.

५ ऑगस्ट
बाबांचा फोन, गावाकडून, का माऊहून! "धाकटे, कोळंबीचं तळं उपसतोय. नमुना तपासायला तुमच्या प्रयोगशाळेतच येतोय. व्यापारी जाळीनं काढत होता, म्हटलं थांब, माझी पोर बघणार आहे. एकेक मोठी हातानं निवडली." पिशवीवर फक्त नंबर असतो, हे त्यांना किती वेळा सांगितलंय! हाताच्या भेगांचं विचारलं. "तू पाठवलेलं मलम दिवसातून दहादा चोपडतो." बरं वाटलं.

७ ऑगस्ट
एका पिशवीत क्लोरॅम्फेनिकॉल. बंदी असलेलं औषध. पुन्हा तपासलं – तेच. सही केली. तळ्यात औषध ओतायचं आणि वर शपथा घ्यायच्या, मेले!

८ ऑगस्ट
ती पिशवी बाबांची होती.
व्यापाऱ्यानं माल नाकारला. बाबा फोनवर – "तुझ्या आईच्या फोटोसमोर उभा राहून सांगतो, काही घातलं नाही." मी म्हणाले, यंत्र खोटं बोलत नाही. ते म्हणाले, "म्हणजे मी बोलतो." फोन ठेवला.

१५ ऑगस्ट
फोन नाही.

२१ ऑगस्ट
व्यापाऱ्याची होडी आता बाबांच्या धक्क्याला थांबत नाही म्हणे. शेजारीही चहाला बोलावत नाहीत. पिकलं पान, या वयात असलं का करावं? राग येतो, आणि आठवणही फार येते. एकटीपुरता भात करायचा म्हटलं तर भांडं मोठं पडतं. आज केलाच नाही.

३० ऑगस्ट
आईचं श्राद्ध. गावी गेले. बाबांनी माझ्या आवडीचं माशाचं आंबट कालवण केलं होतं. वाडगा पुढे सरकवला. मी निघताना त्यांनी आईच्या फोटोजवळून मलमाची ट्यूब उचलून माझ्या हातात दिली. शेवटच्या थेंबापर्यंत पिळून गुंडाळलेली. "संपली. जमलं तर हीच पाठव. गुण आला हिचा."

तीच तारीख, बसमध्ये
ट्यूब उलगडून वाचली. कोपऱ्यावरच्या औषधवाल्यानं दिली तशीच, न वाचता पाठवली होती मी. सगळ्यात वर लिहिलंय – क्लोरॅम्फेनिकॉल. त्याच हातांनी एकेक कोळंबी उचलली त्यांनी. मी बघणार म्हणून.
पुढच्या थांब्यावर उतरतेय.