बाबांनी गाडी आवरली त्याची हकिकत

वन्सं,

भावजयीचा वाकून नमस्कार. तुमचा गुडघा आता जिना चढू देतो का? भाऊजींचा खोकला औषधाने थांबला की त्यांनी औषधच थांबवलं? इकडे सगळे बरे आहोत आणि बाबा सुखरूप आहेत. हे मुद्दाम आधीच लिहून टाकलं, कारण पुढचं वाचता वाचता तुमचा हात फोनकडे जाणार. आमच्याकडे फोन बाबाच उचलतात, आणि त्यांची बाजू आधी ऐकलीत तर माझी ऐकायला तुम्हाला उसंत राहायची नाही.

तुम्हाला माहीतच आहे, लोकांचे पोहण्याचे तलाव साफ करून आम्ही पोट भरतो. (तुमचे बंधुराज हिशेब बघतात आणि मी पाण्यात उतरते, ते स्वतः बादलीतल्या पाण्यालाही बिचकतात.) त्यासाठी गाडीत कायम दोन वस्तू असतात: क्लोरीनच्या पावडरीचे डबे आणि ॲसिडचे कॅन. माल थोडा असल्यामुळे आम्हाला टँकरवाल्यांसारख्या धोक्याच्या पाट्या लावाव्या लागत नाहीत, वेगळा परवानाही लागत नाही. पण ज्या बाईंनी आम्हाला नियम शिकवले त्या बजावून सांगायच्या, की माल थोडा म्हणून कागद थोडे, विष थोडं नव्हे! कॅन उभे ठेवा, पट्ट्याने आवळून बांधा, झाकणं रोज तपासा, गाडीत हवा खेळती ठेवा, आणि काही झालं तरी ही दोन एकमेकांजवळ ठेवू नका. ॲसिड आणि क्लोरीन म्हणजे सख्ख्या जावा. एका घरात नांदतील, पण एका चुलीवर आणलंत की असा विषारी वायू सुटेल, की शेजारीसुद्धा घर सोडून पळतील. म्हणून एकाची जागा दाराशी उजवीकडे, दुसऱ्याची पार पुढे डावीकडे, आणि मध्ये लोखंडी फळी.

आता बाबा. आई गेल्यापासून ते खिडकीशी बसून असतात, हे तुम्हाला सांगायला नको. एक दिवस मीच म्हटलं, चला माझ्याबरोबर, जरा हवा लागेल. त्यांना हवा लागली आणि माझ्या गाडीला त्यांचा हात लागला. सबंध आयुष्य टपाल वेगळं करण्यात गेलेला माणूस तो. त्यांच्या समोर दोन वस्तू वेगवेगळ्या दिसल्या की त्यांचे हात शिवशिवतात. तीन आठवड्यांपूर्वी एका सकाळी मी तयार होते तेवढ्या वेळात त्यांनी गाडी आवरली. मी बाहेर आले तर मागची दारं बंद, आणि बाबा पुढच्या सीटवर पट्टा लावून, परीक्षेत पहिला आलेल्या मुलासारखे बसलेले. मीही उघडून पाहिलं नाही. उशीर झाला होता आणि त्यांचा चेहरा कित्येक महिन्यांनी असा दिसला होता.

डोंगरातल्या लांब बोगद्यात रहदारी तुंबली आणि आम्ही मधोमध अडकलो. थोड्या वेळाने बाबांनी नाक मुरडलं. “कसलासा आंबट वास येतोय गं. काच लावून घे.”

वन्सं, तो वास मी झोपेतही ओळखेन. मी जमेल तेवढ्या शांतपणे विचारलं, “बाबा, ॲसिडचा कॅन कुठे ठेवलात?”

“पावडरीच्या डब्यावर. दोघांची झाकणं निळी, म्हणून एकत्र. उभा मावेना, मग आडवा केला.”

माझा मास्क सीटखाली असतो. तिथे चाचपलं तर हाताला छत्री लागली. मास्क भेसूर दिसतो म्हणून बाबांनी तो मागे, सगळ्यांत खालच्या खोक्यात ठेवला होता. (छत्री नीट घडी घातलेली होती, हे त्यांच्या बाजूने नोंदवते.)

तेवढ्यात पुढच्या गाड्या हलल्या. समोर रस्ता मोकळा, दूरवर उजेडाचा ठिपका, आणि मागून हॉर्नचा नुसता कल्लोळ. “चल, चल, निघ बाहेर!” बाबा म्हणाले. माझा पायही तेच म्हणत होता. पण गाडी एकदा हिसकली आणि आडवा कॅन गडगडला, तर आत काय होईल हे मला दिसत होतं. मी इंजिन बंद केलं. असं सगळं जग पुढे जा म्हणत असताना जागच्या जागी थांबणं मी आयुष्यात पहिल्यांदाच केलं.

मागच्या बसचा ड्रायव्हर तावातावाने आला. “काय हो बाई, गाडी शिकायला हाच बोगदा सापडला का?” मी सांगितलं, आत ॲसिड गळतंय, खाली क्लोरीन आहे, तुमची माणसं उतरवा आणि मागे चालवत न्या. तो तसाच मागे धावला आणि त्याने अशा आवाजात सगळ्यांना उतरवलं की मागच्या गाड्यांतलेही न विचारता चालू लागले. बोगद्याच्या भिंतीवरच्या फोनवरून मी बंबवाल्यांना कळवलं. बाबांनाही लोकांबरोबर पाठवलं.

बंबाची वाट पाहणं हेच शहाणपणाचं होतं. पण वास वाढत होता, आणि कॅनमधून गळणारा ओघळ खालच्या डब्यात उतरायला किती वेळ घेईल हे कुणाला विचारू? वारा मागून पुढे वाहत होता, माझ्या पाठीवर. मी हातमोजे चढवले, चष्मा लावला, श्वास कोंडला आणि दार उघडलं. कॅनचं झाकण ओलं, धार डब्याच्या झाकणावरून सरकत थेट कडेपर्यंत आलेली. कॅन उभा केला, उचलला, दूर रस्त्यावर नेऊन ठेवला. श्वास घ्यायला मागे वळले तर शेजारी बाबा! नाकाला रुमाल, आणि वाऱ्याने लोटू नये म्हणून दोन्ही हातांनी दार धरून उभे.

“बाबा, जा म्हटलं ना!”

“तू ये. मग जातो.”

भांडायला श्वास नव्हता. मी पुन्हा वळले, डबा आडवा न करता उलट्या बाजूला नेला, झाकण घट्ट होतं. मग आम्ही दोघं हात धरून, वाऱ्याकडे तोंड करून, जमेल तितकं भरभर चाललो.

बंबवाल्यांच्या साहेबांनी सगळं धुऊन काढलं आणि मग मला धुतलं. बाबा मध्ये पडले, “माल मी लावला. चूक माझी.” साहेब म्हणाले, “गाडी कुणाची?” त्यावर मी मान खाली घातली, कारण दार न उघडता निघाले ती मीच. त्या रात्री बाबा जेवले नाहीत. दुसऱ्या दिवशी मात्र स्वतःहून म्हणाले, “त्या शिकवणाऱ्या बाई कुठे असतात?” आता ते वर्ग पुरा करून आले आहेत, आणि वर्गात त्यांनी इतके प्रश्न विचारले म्हणे, की बाईंनी चहाची सुट्टी दोनदा दिली.

बाकी ठीक. मोठ्यांना नमस्कार, मुलांना पापे.

तुमची,
भावजय

ता. क. हे वाचून तुम्ही म्हणाल, पुरे झालं, बाबांना आमच्याकडेच पाठवा. गेल्या महिन्यापासून म्हणताच आहात, आणि लेकीला नाही म्हणणं त्यांना जमत नाही. म्हणून हा सगळा कागद काळा केला. वन्सं, एवढं करा: आमच्याकडे रंगकाम काढलंय, सध्या येऊ नका, असं त्यांना कळवा. हल्ली सकाळी ते माझ्याआधी तयार असतात, झाकणं तपासतात, पट्टे ओढून बघतात आणि मला ओरडतात. मला एकटीने गाडी काढायची सवय मोडली आहे.

ता. क. पाकीट चिकटवायला माझ्याकडे दिलं होतं. वाचलं. लेकीला खोटं बोलायला लावणं मला पसंत नाही, हे सूनबाईंना सांगितलं आहे. रंगाचे दोन हात द्या, आणि पहिला पुरता वाळल्याशिवाय दुसऱ्याची घाई करू नका. — बाबा