खाली ठेवलेली बादली

बाबा, तुम्ही रंगवत होता ते शेवटचं चित्र अजून माझ्याकडे आहे. हत्तीचं पिल्लू, डोक्यावर साबणाचा फेस, आणि ते ज्या बादलीत बसलंय ती बादली पांढरी. त्या बादलीवरून गेल्या रविवारी ताईशी माझा वाद झाला, म्हणून लिहायला बसलो. वाद म्हणणंही जास्त होईल. ती दोन-चार वाक्यं बोलली, एवढंच.

तुम्ही गेलात तेव्हा मी अकरावीत होतो. ती काही पूर्ण केली नाही. आता इथेच जबलपुरात, कमानिया गेटच्या मागच्या गल्लीत एका छापखान्यात बसतो आणि कॉम्प्युटरवर लग्नपत्रिका जुळवतो. पत्रिका बहुतेक हिंदी असतात. एखाद्या मराठी घरची आली की मालक ती न वाचताच माझ्या टेबलावर टाकतात. पहिल्या वर्षी त्यांनी मला अगदी गंभीरपणे विचारलं होतं, "भैया, ये चि. सौ. कां. नाम की लड़की आखिर कितनी बार शादी करेगी?" मी समजावून सांगितलं. आता त्यांना पक्कं माहीत आहे, तरी दर मराठी पत्रिकेला विचारतात, "फिर आ गई?" शुद्धलेखन माझं चांगलं आहे आणि ते तुमच्याकडूनच आलेलं आहे. 'आशीर्वाद'मधला रफार व-वर, श-वर नाही, हे तुम्ही वर्तमानपत्राच्या कडेला लिहून दाखवलं होतं. शाळा हिंदी, गल्ली हिंदी, फॅक्टरी हिंदी, त्यामुळे घरात तरी मराठी नीट पाहिजे असं तुमचं म्हणणं असायचं. ताई फार मनावर घ्यायची नाही. मी घ्यायचो.

शुद्धलेखन चांगलं असून उपयोग मात्र झाला नाही, कारण माझा त्यावर भरवसा बसत नाही. पत्रिका मशीनवर गेली की मला वाटतं, वराच्या वडिलांचं नाव चुकलंय. मी मशीन थांबवायला लावतो. बघतो. नाव बरोबर असतं. मशीन सुरू होतं आणि मला वाटतं, आता वार चुकलाय. घरी आल्यावर कुलूप, गॅस, नळ. शेवटी मालकच एकदा म्हणाले, "तू गलती नहीं करता, यही तेरी बीमारी है. किसी को दिखा ले." रागावून म्हणाले नाहीत. मी दाखवलं. डॉक्टरांनी गोळ्या लिहून दिल्या आणि म्हणाले, संध्याकाळी हातानं असं काहीतरी करत जा, जे चुकलं तरी कोणाचं काही बिघडणार नाही.

ताईनं रंगवायचं पुस्तक आणून दिलं. पहिलं आणलं ते खास मोठ्या माणसांसाठी, बारीक नक्षीचं. त्यात इतके कप्पे होते की रंग भरायचे सोडून मी ते मोजायलाच लागलो. ती ते परत घेऊन गेली आणि दुसरं आणलं. यात रेघा जाड आहेत आणि चित्रं एकदम सोपी. कपात झोपलेली मांजर. कुंडीत हसणारं निवडुंग. मफलर घातलेला पाव. पावाला डोळे आहेत आणि गालावर दोन गोल आहेत, ते गुलाबी करायचे असतात. वर लिहिलंय मोठ्यांसाठी, पण मालकांनी पाहिलं तेव्हा म्हणाले, "बधाई हो, नर्सरी में दाखिला मिल गया." मी रंगीत पेन्सिली वापरतो. स्केच पेनांचा रंग मागच्या पानावर फुटतो. पानाखाली छापखान्यातला पत्रिकेच्या जाड कागदाचा तुकडा सरकवतो, म्हणजे खालच्या चित्रावर दाब उमटत नाही. आधी गाल, मग मफलर, सगळ्यात मोठी जागा शेवटी. एक पान झालं की छाती जरा मोकळी होते. का होते ते मला सांगता येत नाही.

असं पुस्तक मी पहिल्यांदा तुमच्या हातात पाहिलं होतं. तुम्हाला लकवा झाला त्या वर्षी. घमापुरच्या आपल्या खोलीत, स्वयंपाकाच्या ओट्याला लागून तुमची खाट लावलेली. आई आधीच गेलेली, त्यामुळे ओट्याशी ताई असते, खाटेशी मी असतो. हाताचा व्यायाम करून घ्यायला एक दीदी येतात. त्या चेंडू दाबायला देतात, डाळीत बोटं फिरवायला लावतात आणि एक दिवस पिशवीतून रंगाचं पुस्तक काढतात. "अंकल जी, रोज एक पन्ना." तुम्ही पुस्तकाकडे पाहता, मग माझ्याकडे. तुम्ही जन्मभर फॅक्टरीत गाड्यांना रंग मारला. फौजेच्या मोठ्या गाड्या, एकच हिरवा रंग, आणि त्यात एक ओघळ आलेला तुम्हाला खपायचा नाही. जीभ जड झालेली, तरी तुम्ही म्हणता, "मला ससा रंगवायला सांगून राहिली ही." दीदींना मराठी कळत नाही. त्या म्हणतात, "हाँ अंकल जी, बहुत बढ़िया."

तुम्ही ससा हिरवा रंगवलात. डब्यात गुलाबी होता, पिवळा होता, तुम्ही फॅक्टरीतल्या हिरव्याच्या जवळचा शोधून काढला आणि कानांपासून शेपटीपर्यंत सगळा एकच हात मारला. हात थरथरत होता, रंग जागोजाग रेघेबाहेर गेला होता. ताई भाजी ढवळता ढवळता वळून म्हणाली, "बाबा, ससा फौजेत भरती झाला का?" तुम्ही हसलात. अर्धंच तोंड हलायचं तेव्हा. "पास झाला," तुम्ही म्हणालात, "आता पगार आणेल." नंतरच्या पानांवर बदक हिरवं, सफरचंद हिरवं, ढगसुद्धा हिरवे. हत्तीपर्यंत येता येता रेघ पाळायला लागला होता तुम्ही. हत्ती तुम्ही करडा केलात. पहिल्यांदाच दुसरा रंग घेतलात. त्या दुपारी मला फार बरं वाटलं होतं.

हत्ती झाला, फेसाला निळसर कड झाली, बादली राहिली. मी खाटेच्या काठावर बसलेलो. मी विचारलं, "बाबा, बादली राहिली ना. मी करू? लाल?" तुम्ही मान हलवली. पेन्सिल माझ्या हातात दिलीत आणि म्हणालात, "खाली ठेव."

मी बादली खाली ठेवली. म्हणजे तशीच सोडली, कोरी. मला वाटलं, इतकं सगळं भरल्यावर तुम्ही ठरवून एक जागा सोडली. दोन-तीन दिवसांनी दुसरा झटका आला आणि ते पान तसंच राहिलं.

पुढे मी रंगवायला लागलो तेव्हा ते शब्द आठवले. आठवले असंही नाही, होतेच. मी प्रत्येक चित्रात एक गोष्ट पांढरी सोडायला लागलो. मांजरीचा कप. निवडुंगाची कुंडी. पावाच्या मफलरचं एक टोक. त्या जागेपर्यंत आलो की हात थांबवायचा, कारण बाबांनी सांगितलंय. तुम्हाला वाटेल हे फार लहान आहे, पण मला कुठेच थांबता येत नव्हतं. हळूहळू छापखान्यातही जमायला लागलं. एखादी पत्रिका दोनदा वाचून झाली की तिसऱ्यांदा उचलायची नाही. एवढं एक खाली ठेव, असं मनात म्हणायचं आणि ती मशीनवर जाऊ द्यायची. माझ्याजवळ तेवढी एकच परवानगी होती, आणि ती तुम्ही दिलेली होती.

गेल्या रविवारी ताईकडे गेलो होतो, महाराजपुरला. तिनं पोहे केले होते, वर भरपूर शेव, तुम्हाला आवडायची तशी. मी भरलेलं पुस्तक दाखवायला नेलं होतं. पोहे खाता खाता ती पानं उलटत होती. मग थांबली आणि मागे गेली.

"तू दर चित्रात एक काही तरी काहून सोडून राहिला? रंग संपते का?"

मी म्हणालो, "बाबांनी सांगितलं होतं."

"कधी?"

मी सांगितलं. हत्ती, बादली, खाली ठेव. ती हसली. मग माझ्याकडे पाहून तिचं हसणं थांबलं.

"अरे, मी तिथेच उभी होती," ती म्हणाली. "वरण-भाताचं ताट घेऊन. त्यांच्या मांडीवरच्या पाटावर ती रंगाची किताब पसरलेली. ताट ठेवू कुठे? म्हणून ते म्हटले, खाली ठेव. नीचे. जमिनीवर." तिनं हातानं जमीन दाखवली. मग म्हणाली, "चलो, जाऊ दे. अच्छी लगती है वैसे भी, सफेद." आणि माझ्या बशीत आणखी शेव टाकली.

येताना ऑटोत मला आपलं स्वयंपाकघर आठवत राहिलं. आई होती तेव्हाचं. मी फळीवर चढून साखरेचा डबा काढलाय, हलवून पाहतोय, आणि ओरडून सांगतोय, "आई, डबा खाली आहे." तुम्ही फॅक्टरीतून नुकतेच आलेले, सायकलची क्लिप अजून पँटला. तुम्ही वाकून फळीखाली पाहिलंत. मग ओट्याखाली. मग मला विचारलंत, "कशाच्या खाली? मला तर वरच दिसतो." आई तोंडावर पदर धरून हसत होती. मला कळेना. तुम्ही मला खाली उतरवलंत आणि म्हणालात, "हा खाली. आणि तो डबा रिकामा. एक हिंदी आहे, एक मराठी आहे. दोन्ही बोल, पण एकात एक मिसळू नको." त्या दिवशी मी साखर आणायला दुकानापर्यंत रिकामा, रिकामा म्हणत गेलो होतो. तुमच्या तोंडून त्यानंतर, त्याआधीही, 'खाली'चा दुसरा अर्थ मी कधी ऐकला नाही. ताई म्हणते, मालक म्हणतात, सगळं जबलपुर म्हणतं. तुम्ही जीभ अर्धी झाल्यावरही म्हणाला नसतात. बादली कोरी ठेवायची असती, तर तुम्ही रिकामी म्हणाला असतात, किंवा तशीच राहू दे.

हे मला ताईकडून कळायची गरज नव्हती. जुळवलेल्या शब्दातला ऱ्हस्व-दीर्घ मला लांबून दिसतो. तो शब्द कोणत्या भाषेतला होता हे मला न दिसण्यासारखं नव्हतं.

सोमवारी छापखान्यात मी एक पत्रिका बऱ्याच वेळा वाचली. किती ते मोजलं नाही. मालक दोनदा येऊन उभे राहिले आणि परत गेले. मंगळवारीही तसंच झालं.

आज छापखान्याला सुट्टी आहे. सकाळी अंघोळ करून तुमचं पुस्तक काढलं. करड्या पेन्सिलीची चमक अजून गेलेली नाही. हत्तीच्या सोंडेपाशी तुमचा हात एकदा रेघेबाहेर गेलाय आणि तुम्ही ते खोडायचा प्रयत्न केलाय, तिथे कागद खरबरीत झालाय. मी लाल पेन्सिलीला टोक काढलं. पानाखाली जाड कागद सरकवला. तुम्ही बादली सोडायला सांगितलीच नव्हती, तर मग ती भरायला काही हरकत नव्हती, आणि अर्धवट राहिलेलं काम तुम्हालाही आवडायचं नाही. कडेपासून सुरुवात करायची, एकाच दिशेनं हात, तुम्ही गाडीच्या दारावर मारायचात तसा. मी बराच वेळ पेन्सिल धरून बसलो. बाहेर भंगारवाला ओरडत गेला, परत आला.

मग पेन्सिल डब्यात टाकली आणि हे लिहायला घेतलं. आता तेही झालं. हा कागद दुमडून हत्तीच्या पानात घालणार आहे, दुसरीकडे कुठे जायला त्याला जागा नाही. उद्या कामावर जायचंय. उद्याच्या पत्रिका दोनदाच वाचायच्या असं ठरवतो आहे. ते कोणी सांगितलेलं नाही, हे धरून ठरवतो आहे.

पुस्तक खाली ठेवलं. बादली खाली ठेवली. दुसऱ्या वाक्यातला शब्द चुकलाय, बाबा. लिहितानाच मला दिसला होता. खोडत नाही.